एकोणीस डब्यांचा पावसाळा

आषाढाच्या पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातलं सगळ्यात वरचं फडताळ रिकामं केलं आणि चहाचे डबे, पुडे, पाकिटं ओसरीवर चटई टाकून त्यावर मांडली. एकोणीस निघाली. काही अर्धी, काही उघडलेलीसुद्धा नव्हती. रोजच्या चहाचा डबा यात धरलेला नाही. तो चुलीशेजारी असतो आणि सहा माणसांच्या घरात महिन्याला किलोभर चायपत्ती त्यातून जाते.

एवढं जमलं कसं, त्याचं कारण सरळ आहे. माझा भाऊ लष्करात होता. त्याची बदली आसामकडे झाली तेव्हा पहिल्या सुट्टीत तो एक पुडा घेऊन आला, आणि मी त्याला म्हटलं की असा चहा मी जन्मात प्यायले नव्हते. तेव्हापासून घरातला जो कोणी बाहेरगावी जातो तो माझ्यासाठी चहा आणतो. मुलगा मुन्नारहून आणतो, भाची दार्जिलिंगहून, जावई धर्मशाळेहून. मी तो ठेवून देते. चांगला आहे, पाहुणे आले की काढू, सणाला काढू.

तो इतक्या उंचावर गेला तो मात्र नदीमुळे. कारध्याला घर म्हणजे वैनगंगेच्या काठाला घर. पलीकडे भंडारा, अलीकडे आम्ही, मधे पूल. जुना लहान पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि त्याची आम्हाला सवय आहे. पण 2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर सवयीतला नव्हता. खालच्या फळीवरचं सगळं भिजलं. तांदूळ गेला, डाळी गेल्या. त्यानंतर मोलाचं म्हणून जे जे होतं ते मी वर चढवलं, आणि वर गेलेली वस्तू रोज हाताला लागत नाही.

या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. ठरवलं की पोळ्यापर्यंत हे सगळं उघडायचं, चाखायचं, आणि ज्याला जे आवडेल ते त्याला द्यायचं.

चाखण्याची एक ठरलेली रीत आहे, हे मुलानं सांगितलं. चहा पारखण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय माप ठरलेलं आहे: 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, झाकण ठेवून सहा मिनिटं. हे माप चव छान लागावी म्हणून ठरवलेलं नाही. सहा मिनिटांत चहा कडक आणि तुरट होतो, आणि त्या कडकपणात त्याचा गुण जसा कळतो तसा दोषही कळतो. दोन चहांची तुलना करायची तर दोघांना एकसारखं वागवावं लागतं, एवढीच त्यामागची गोष्ट. पोरांचे पेपर तपासण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे हे मला लगेच पटलं. मुलानं छोटा वजनकाटा पाठवला. पांढरे चिनीमातीचे कप मी भंडाऱ्याहून आणले, कारण आमच्याकडे सगळे स्टीलचे ग्लास आणि स्टीलमध्ये रंग दिसत नाही. एक वही केली. तारीख, डब्यावर काय लिहिलंय, कोरड्या पत्तीचा वास, भिजलेल्या पत्तीचा वास, रंग, चव, आणि शेवटचा रकाना: कोणासाठी.

पहिले चार दिवस फेकण्यात गेले आणि ते दिवस मला जड गेले. कारखान्यातून निघताना चहात पाण्याचा अंश तीनेक टक्केच असतो. इतकी कोरडी वस्तू हवेतली ओल ओढून घेते, आणि आमची हवा नदीची. चांगली पत्ती बोटांत चुरडली की कुरकुरते. ओलावलेली मऊ पडते, दबते, आवाज करत नाही. मी प्रत्येक पुड्यातली चिमूट कानाशी नेऊन चुरडली. एकोणीसपैकी पाच मुक्या निघाल्या.

ओलीपेक्षा वाईट वासाचं. चहा आसपासचा कुठलाही वास शोषतो. चमेलीचा चहा याच गुणावर करतात, फुलं आणि पत्ती एकत्र ठेवून. भाचीनं दिलेला दार्जिलिंगचा पहिल्या बहराचा चहा इतका महागाचा होता की फडताळातही ठेवावासा वाटला नव्हता. मी तो कपड्यांच्या कपाटात, पैठणीच्या मागे ठेवला होता. त्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतात. डबा उघडला आणि मला रडू आलं. दार्जिलिंगमध्ये हिवाळाभर झाडं निजलेली असतात. मार्चमध्ये जी पहिली कोवळी पालवी येते तिचा तो चहा. हातांनी खुडलेली दोन पानं आणि एक कळी, अशा हजारो खुडण्यांचे ते शंभर ग्रॅम. त्यातला एकही कप कोणाच्या ओठाला लागला नाही. भाचीला फोन करून खरं ते सांगितलं. ती म्हणाली, ‘मावशी, पुढच्या वेळी आणला की माझ्यासमोर उघड.’

पुढचं बरं गेलं.

भावानं आणलेला आसामचा पुडा पत्तीचा होता. आपण रोज पितो तो दाणेदार चहा सीटीसी: पानं दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. ही यंत्रं 1930 च्या सुमारास आसाममध्येच आली. दाण्याचा चहा झटकन रंग सोडतो, दुधाला भारी पडतो, कमी पत्तीत जास्त कप होतात. म्हणून गावोगावी, टपरीवर, रेल्वेच्या फलाटावर तोच. न चिरडता नुसती वळलेली अख्खी पत्ती सावकाश उघडते. काचेच्या ग्लासात गरम पाणी ओतून मी ती उघडताना पाहत बसले. काळी सुकलेली काडी सहा मिनिटांत पुन्हा पान होते, तांबूस, कडेला दात असलेलं. इतकी वर्षं चहा प्याले, चहाचं पान आत्ता पाहिलं.

आसामचा पहिला चहा लंडनच्या लिलावात 10 जानेवारी 1839 रोजी विकला गेला. पुढे तिथले मळे वाढले तेव्हा राबायला माणसं दुरून नेली गेली: छोटा नागपूरहून, आणि आपल्या मध्य प्रांतातूनही. भंडारा तेव्हा त्याच प्रांतातला जिल्हा. बिलासपूर, रायपूर, मंडला भागांतून गेलेल्या लोकांची नातवंडं-पतवंडं आजही तिथल्या मळ्यांत आहेत. भाऊ सांगायचा की एका मळ्याशेजारी त्याला गोंड घरं भेटली. हे आठवलं की तो तांबडा कप मी घाईत पिऊ शकत नाही.

हाच कप सासूबाईंना दिला. त्यांचं वय ब्याऐंशी. मला वाटलं होतं, दूध नाही म्हणून त्या कप बाजूला सारतील. त्यांनी बशीत ओतला, फुंकला आणि मोठा भुरका मारला. चहापारखीही असाच भुरका मारतात. त्यानं चहाबरोबर हवा तोंडात जाते आणि वास मागच्या वाटेनं नाकात चढतो. सासूबाई हे साठ वर्षं करत आल्या आहेत आणि घरातली पोरं त्यांना आवाज न करता पी म्हणून सांगत आली आहेत.

‘थोडा गूळ टाक,’ त्या म्हणाल्या. मी टाकला. मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

‘रोवणीच्या दिवसात अशी चाय रायत होती,’ शेवटी म्हणाल्या. ‘दूध कोठचं? म्हशीचं दूध सारं डेअरीत जाय. बांधीवर लाल चाय यायची, गुळाची. मले तीच आवडे. मंग घरात दूध आलं त सारे दुधाचीच मांडू लागले. मले कोनं इचारलंच नाही.’

एकोणतीस वर्षं मी त्यांच्या हाती दुधाचा चहा देते आहे. वहीतल्या शेवटच्या रकान्यात लिहिलं: आसाम, आई.

हिरव्या चहानं त्रास दिला. जावयानं धर्मशाळेहून आणलेला कांग्र्याचा. कांग्र्यात चहा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लागला, आणि 1905 च्या भूकंपात तिथले मळे आणि कारखाने असे कोसळले की तो धंदा पुढे कित्येक वर्षं सावरला नाही. हे वाचून मी मोठ्या आदरानं तो उकळत्या पाण्यात टाकला, सहा मिनिटं. कडू काढा झाला. हिरव्या चहाचं पान खुडल्याबरोबर उष्णतेनं थांबवलेलं असतं, काळं पडू दिलेलं नसतं. त्याला उकळतं पाणी सोसत नाही. दुसऱ्या दिवशी गंजाच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले तेव्हाच पाणी उतरवलं, एका भांड्यातून दुसऱ्यात दोनदा ओतलं, आणि पत्तीवर दोनच मिनिटं ठेवलं. आता त्याला ओल्या हरभऱ्याच्या पाल्यासारखा वास आला, मागे थोडी गोडी. माझ्या नवऱ्याला साखर बंद आहे. बिनसाखरेचा दुधाचा चहा ते औषधासारखा पितात. हा त्यांनी स्वतःहून दुसऱ्यांदा मागितला.

पाण्याचंही लिहायला हवं. आमच्या बोअरचं पाणी जड. त्यात चहा केला की वर तवंग येतो, कपाला कडेनं तपकिरी रेघ राहते. पाण्यातला चुना आणि चहातला तुरटपणा एकत्र येऊन ती साय धरते. श्रावणातल्या एका दिवशी गच्चीवर स्वच्छ पितळी घंगाळ ठेवलं, पावसाचं पाणी धरलं, गाळून उकळलं. मुन्नारचा चहा त्यात केला. आरशासारखा झाला. तवंगाचा ठिपका नाही, आणि जो वास मी तोवर पुसट समजत होते तो खोलीभर पसरला. तोच चहा, तेच माप, तीच सहा मिनिटं. वहीत मागे जाऊन मी आधीच्या सात नोंदींपुढे ‘बोअरचं पाणी’ असं लिहिलं आणि ते सातही पुन्हा चाखले. दोघांचा निकाल बदलला.

पोळ्याला सगळे जमले. बैल सजवून मिरवून आणले, ओवाळले, पुरणपोळीचं जेवण झालं, आणि दुपार कलल्यावर ओसरीवर पांढरे कप मांडले. एकेक चहा, प्रत्येकाला दोन घोट.

दार्जिलिंगचा दुसऱ्या बहराचा एक छोटा डबा शाबूत होता. मे-जूनमधला. त्याला द्राक्षांसारखा, पिकल्या फळासारखा वास येतो. भारतात भौगोलिक मानांकन सगळ्यात आधी मिळालं ते या दार्जिलिंग चहाला, 2004 साली. पण मी दिराला हे सांगितलं नाही. मी त्यांना त्या वासाचं कारण सांगितलं. त्या दिवसांत चहाच्या कोवळ्या पानांवर तुडतुडे बसतात आणि रस शोषतात. पान स्वतःला वाचवायला आत काही द्रव्यं तयार करतं. तो फळाचा वास त्यांतूनच येतो.

दीर धान पिकवतात. त्यांनी कप खाली ठेवला.

‘तुडतुडे?’

‘हो भाऊजी. तुमचे तपकिरी, तिथले हिरवे. पण नाव तेच.’

‘आमच्या बांधीत तुडतुडे लागले त उभा धान जळते, वहिनी. मानूस रात्रभर झोपत नाही. अन् तिकडे त्याच्यानंच भाव भेटते?’

त्यांनी कप पुन्हा उचलला, नाकाशी धरला, बराच वेळ धरला. आमच्याकडे तुडतुड्यांनी धानात पिवळे पडलेले गोल चट्टे ज्यांनी पाहिले आहेत त्यांनाच त्या क्षणी त्यांचा चेहरा कळला असता. मग ते प्याले आणि म्हणाले, ‘चांगली हाये.’ तो डबा त्यांना दिला. जाऊ म्हणाली, ‘यांना चाय म्हणजे अद्रक टाकून खळखळ उकळलेली लागते जी, हे कोठून पितील.’ पण पुढच्या आठवड्यात तिनंच विचारलं की याला पाणी किती वेळ ठेवायचं.

पोरांना यातलं काही फारसं आवडलं नाही. त्यांना परसातला गवती चहा, अद्रक आणि दूध घालून केलेला आपला रोजचाच हवा होता. तो वेगळ्या गंजात मांडला. गवती चहा हा चहाच्या झाडाचा कोणी नव्हे, ते गवत आहे, असं मी नातवाला सांगितलं. त्यानं कप पुढे केला आणि आणखी मागितला.

संध्याकाळी वाटण्या केल्या. घट्ट झाकणाच्या लहान स्टीलच्या डब्या, चिठ्ठीवर नाव, तारीख, पाणी किती तापवायचं, किती वेळ ठेवायचं. साकोलीच्या नणंदेला निलगिरीचा, कारण तो थंड झाला तरी गढुळत नाही आणि तिला उन्हाळ्यात लिंबू घालून गार चहा लागतो. तुमसरच्या बहिणीला मुन्नारचा. प्रत्येकीला पन्नास ग्रॅमच. दोन ग्रॅमच्या मापानं पन्नास ग्रॅम म्हणजे पंचवीस लहान कप, महिनाभरात संपणारे. जास्त द्यायचा मोह झाला होता. पण जास्त दिलं की ते पुन्हा कोणाच्या तरी वरच्या फळीवर जाईल.

आता फडताळात तीन डबे आहेत, आणि ते खालच्या फळीवर, हाताच्या अंतरावर आणले आहेत. नदीला पाणी चढल्याची बातमी आली की उचलून वर नेता येतील.

काल आसामच्या डब्यात तीनेक चमचे पत्ती उरलेली दिसली. भाऊ दिवाळीला येईल तोवर पुरवावी म्हणून मी झाकण लावत होते. सासूबाई मागे उभ्या होत्या.

‘काय ठेवतेस जी,’ त्या म्हणाल्या. ‘मांड. पावसाचं पानी हाये न तुयाजवळ?’

घंगाळात होतं. मी गाळून चुलीवर ठेवलं, त्या गूळ फोडायला बसल्या.