पडद्यामागील प्रकाश

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्या काळच्या संचांतील चित्रनलिका स्वयंप्रकाशी होती. इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील लेपावर आदळे आणि तो लेपच उजळून निघे. द्रवस्फटिकाचा, म्हणजेच एलसीडीचा, सपाट पडदा मात्र स्वतः प्रकाश देत नाही. खिडकीच्या झडपांप्रमाणे तो मागून येणारा प्रकाश कोठे जाऊ द्यावा व कोठे अडवावा, एवढेच ठरवितो. मागील हा प्रकाश म्हणजे पार्श्वप्रकाश, व्यवहारातील बॅकलाइट होय.

ही बाब ध्यानात न आल्याने अनेकांना नाहक भुर्दंड पडतो. बेळगावच्या कॅम्प भागात काय किंवा निपाणीच्या पेठेत काय, आवाज येतो पण चित्र दिसत नाही, असे झाले की संच निकामी झाल्याची धास्ती घरात बसते. अशा वेळी खोलीत अंधार करून चालू संचाच्या पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा धरावा. पुसट चित्र हलताना दिसल्यास पडदा शाबूत असून पार्श्वप्रकाश तेवढा बंद पडला आहे, असे समजावे. यातील दिवे बहुधा एकसर जोडणीत असतात. दिवाळीच्या जुन्या माळेप्रमाणे त्यांतील एक दिवा तुटला तरी सारी ओळ विझते. क्वचित दिव्यांना वीज पुरविणारे मंडलही बिघडलेले असते. दोन्हींची दुरुस्ती नव्या पडद्याच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते. संचाची पाठ मात्र घरी उघडू नये; वीज तोडल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये घातक विद्युत्‌भार राहू शकतो.

प्रारंभीच्या द्रवस्फटिक संचांत व संगणकांच्या मॉनिटरांत दिव्यांऐवजी बारीक प्रतिदीप्त नलिका असत. त्यांत अल्प प्रमाणात का होईना, पारा असतो. म्हणून कार्यालयांतील वा शाळांतील असे जुने मॉनिटर भंगारात फोडू न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच सोपवावेत. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे केंद्रीय नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत.

नलिकांची जागा पुढे एलईडी दिव्यांनी घेतली. निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणारा लेप चढवून पांढरा प्रकाश मिळविता येतो. या निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. तेव्हा ‘एलईडी टीव्ही’ या नावाने विकला जाणारा संच सामान्यतः द्रवस्फटिकाचाच असतो. नवा असतो तो मागील दिवा.

हे दिवे कडेला असल्यास संच सडपातळ होतो, परंतु काळा रंग करडा भासतो. ते पडद्यामागे सर्वत्र पसरून विभागवार मंद करण्याची सोय असल्यास काळोख खरा वाटतो; तरीही काळ्या आकाशातील चंद्राभोवती नको असलेले वलय उमटतेच. ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असल्याने पार्श्वप्रकाश नाही व वलयही नाही. पण एकच चित्र दीर्घकाळ राहिल्यास त्याचा ठसा उरण्याचा संभव असतो.

दुकानात उठून दिसावा म्हणून संचाची तेजस्विता पुष्कळदा चढी ठेवलेली असते. घरी ती बेताची केल्यास दिवे कमी तापतात आणि अधिक काळ टिकतात.