मनाची तपासणी म्हणजे लायकीची परीक्षा नव्हे

धडधाकट माणसाचं यकृत काही दिवसांत निकामी होऊ शकतं. आपल्याकडे त्यामागे बहुतेकदा हेपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ असते, काही वेळा क्षयरोगावरची औषधं किंवा उंदीर मारण्याचं विष. ब्रिटन-अमेरिकेत पॅरासिटामॉलचा अतिरेक हे प्रमुख कारण आहे. अशा रुग्णांपैकी काहींनी जीव द्यायचा प्रयत्न केलेला असतो. त्यांना तातडीनं नवं यकृत द्यायचं का, या प्रश्नाभोवती बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : ज्यानं स्वतःच जीव द्यायचा प्रयत्न केला, त्याला यकृत मिळत नाही.

वस्तुस्थिती : केवळ तेवढ्यावरून कुणाला नाकारलं जात नाही. असे अनेक प्रयत्न क्षणिक आवेगात होतात आणि सावरल्यावर त्याच माणसाला जगायचं असतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं असतं. त्याची काळजी घेणं आणि उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

गैरसमज : मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाची लायकी ठरवतात.

वस्तुस्थिती : निर्णय यकृततज्ज्ञ, सर्जन, भूलतज्ज्ञ असे सगळे मिळून घेतात. मानसोपचारतज्ज्ञ पाहतात ते पुढचं आयुष्य. नवं यकृत शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं सहसा जन्मभर, वेळच्या वेळी घ्यावी लागतात. ती घेतली जातील का? आजार उपचारांनी आटोक्यात येण्यासारखा आहे का? घरचं कोण पाठीशी आहे? उपचार चालू असूनही वारंवार झालेले गंभीर प्रयत्न किंवा न सुटलेलं व्यसन विरोधात जाऊ शकतं. नैराश्याचं निदान एवढंच कारण मात्र पुरेसं नसतं.

गैरसमज : काय घेतलं ते लपवलं, तर रुग्णाचं भलं होईल.

वस्तुस्थिती : उलट जिवाला धोका वाढतो. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत पहिल्या दिवशी रुग्ण ठणठणीत वाटू शकतो. यकृताचं नुकसान नंतर उघड होतं. त्यावरचा उतारा, एन-ॲसिटाइलसिस्टीन, लवकर दिला तर सर्वांत उपयोगी पडतो. पुढे मेंदूवर परिणाम होऊन रुग्ण बरळतो, बेशुद्ध होतो. मग त्याच्या मनात काय होतं हे फक्त घरचे, फॅमिली डॉक्टर आणि जुनी प्रिस्क्रिप्शनं सांगू शकतात. म्हणून रुग्ण बोलू शकतो तोवरच मानसोपचारतज्ज्ञांना बोलावणं गरजेचं.

गैरसमज : दारू पिणाऱ्यानं सहा महिने दारू सोडल्याशिवाय प्रत्यारोपण होतच नाही.

वस्तुस्थिती : अनेक केंद्रं हा नियम पाळत आली, पण तो अटळ नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स-बेल्जियममधल्या अभ्यासात, औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र मद्यजन्य यकृतदाहाच्या निवडक रुग्णांवर लवकर प्रत्यारोपण केलं गेलं. सहा महिन्यांनी त्यांतले 77 टक्के जिवंत होते. प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांत हे प्रमाण 23 टक्के होतं. निवड अतिशय काटेकोर होती आणि कुटुंबाचा भक्कम आधार ही तिची एक अट होती.

गैरसमज : बहीण यकृत द्यायला तयार आहे, मग तिची तपासणी कशाला?

वस्तुस्थिती : भारतात बहुतेक यकृतं जिवंत दात्यांकडून मिळतात. संकटाच्या घाईत अपराधी वाटून किंवा घरच्यांच्या दबावाखाली होकार दिला जाऊ शकतो. म्हणून दात्याशी एकांतात बोलायला हवं आणि नकार द्यायची मोकळीक त्याला शेवटपर्यंत हवी.

यकृत बदलल्यानं नैराश्य जात नाही. त्यामुळे मनावरचे उपचार शस्त्रक्रियेनंतरही चालूच ठेवावे लागतात. आपल्या घरात कुणी जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर ‘टेली-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर आजच फोन करा. काही घेतल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि तिथे सगळं खरं सांगा.