पहिल्या चित्रपटाची साक्ष कोण देणार?

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. आईचे दागिने गहाण ठेवून त्याने पहिला चित्रपट पुरा केलाय. पोस्टरवर पानांच्या माळेतली पंधरा-सोळा सन्मानचिन्हं. मी विचारलं, "यातला एखादा महोत्सव कुठे भरतो? तिथे कुणी तुझा चित्रपट पाहिला का?" तो गप्प झाला. बहुतेक मंडळी पैसे घेऊन ई-मेलने प्रशस्तिपत्र पाठवणारी होती.

तेव्हा आजचा प्रश्न असा: अनोळखी माणसाच्या पहिल्या चित्रपटावर कुणी विश्वास का ठेवावा?

न्यायदर्शन 'शब्द' हे प्रमाण मानतं, पण बोलणारा आप्त हवा. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे बरं का! ज्याने वस्तू स्वतः जाणली आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन म्हणतात, तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण एकच. म्हणजे व्हेनिसची साक्षही आपल्याला चालते.

चित्रपटाचं प्रत्यक्ष ज्ञान तिकीट काढल्यावर होतं. त्याआधी प्रेक्षकाच्या हाती फक्त शब्द असतो. निर्माता स्वतःची स्तुती करणारच, ती प्रमाण नव्हे. प्रवेशशुल्क तर खरे महोत्सवही घेतात. फरक इतकाच, की खऱ्या महोत्सवाचा निवडकर्ता चित्रपट पाहतो, बरेच नाकारतो आणि एकासाठी स्वतःचं नाव पणाला लावतो.

आणि त्याला पहिला साक्षीदार व्हायचं असतं. व्हेनिससारखे महोत्सव स्पर्धेसाठी जागतिक प्रीमियर मागतात. हे पहिलेपण एकदाच खर्च करता येतं. घाईने कुठल्यातरी आडबाजूच्या महोत्सवात दाखवलं, किंवा यूट्यूबवर टाकलं, की ते दार बंद.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'चा क्रम बघा. सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला पहिला खेळ. तिथे 'ओरिझाँती' विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट, शिवाय पदार्पणाचा 'लायन ऑफ द फ्यूचर'. मग मुंबईचा 'मामि' महोत्सव, मार्च २०१५ मध्ये राष्ट्रीय पुरस्काराची घोषणा, आणि १७ एप्रिलला चित्रपटगृहात. मोठा तारा एकही नाही. पण प्रत्येक साक्ष पुढच्या साक्षीला बळ देत गेली.

साक्षीदार थोडे असले तरी चालतात. १९५६ साली कानमध्ये 'पथेर पांचाली' रात्री उशिरा दाखवला गेला, तेव्हा परीक्षकांपैकी बरेच जण हजरच नव्हते. ज्यांनी पाहिला त्या समीक्षकांनी पुन्हा दाखवायचा आग्रह धरला, आणि चित्रपटाला 'सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज' हा सन्मान मिळाला. राय यांचाही तो पहिलाच चित्रपट.

मग निर्मात्याने करायचं काय? साक्षीदाराचं काम सोपं करायचं. इंग्रजी सबटायटल जाणकाराकडून करून घ्या. मराठी संवादाचा जीव तिथेच जातो किंवा वाचतो. कथासार असं लिहा, की त्यात विशेषणं नसतील आणि गोष्ट असेल. छायाचित्रं चित्रीकरण चालू असतानाच काढून ठेवा. प्रवासाचे आणि डीसीपीचे पैसे बाजूला ठेवा. सगळे चित्रीकरणात संपवू नका. गोव्यात इफ्फीच्या वेळी एनएफडीसीचा फिल्म बाजार २००७ पासून भरत आलाय. तिथल्या व्ह्यूइंग रूममध्ये निवडकर्ते आणि विक्री प्रतिनिधी चित्रपट पाहतात. ते सार्वजनिक प्रदर्शन नसल्यामुळे पहिलेपणही शाबूत राहतं.

माझ्या विद्यार्थ्याने चित्रपट अजून कुठेही दाखवलेला नाही, हे नशीब. त्याला म्हटलं, "त्या माळा आधी पुसून टाक." जाताना त्याने विचारलं, "सर, आणि कुणीच घेतला नाही तर?"

तसं होऊ शकतं. चांगले चित्रपटही नाकारले जातात, आणि दागिने तरीही सोडवायचे असतात. मी त्याला एवढंच म्हटलं, की मग आपल्या गावच्या फिल्म सोसायटीपासून सुरुवात कर. पन्नास माणसं येतील. त्यांतली दहा जरी बाहेर जाऊन पाहिलं तसं बोलली, तरी ते आप्तच की.