शत्रूची बडदास्त

मागच्या सुट्टीत पोलादपूरला मामाकडे गेले होते. भात कापल्यावर त्याने टोमॅटो लावले होते. दुपारी झाडं माना टाकायची, संध्याकाळी परत उभी. "पाणी तर रोज देतोय, मग ह्यांना झालंय काय?" मामा वैतागलेला. एक रोप उपटलं तर मुळांवर गाठीच गाठी! मी शहाणपणा केला, "मामा, वालाच्या मुळाला असतात तशाच आहेत, चांगल्या असतात." (कॉन्व्हेंटचं बायॉलॉजी, मार्कांपुरतं.) साफ चूक. वालाच्या गाठी बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात. इथे मूळच सुजलेलं होतं. आत सूत्रकृमी, म्हणजे नेमॅटोड. त्याचं पिल्लू अर्धा मिलीमीटरही नसतं.

मित्रांनो, गंमत पुढेच आहे. ह्याच्यावर उपाय शोधायचा तर आधी ह्याला पाळावं लागतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर संशोधन चालतं. पण हे महाशय बुरशीसारखे नुसत्या आगरवर वाढत नाहीत. त्यांना जिवंत मूळच लागतं. (आपण मेसमधलं काहीही खातो!) म्हणून वाफेने निर्जंतुक केलेल्या मातीत टोमॅटो लावतात, बरेचदा पुसा रुबी, कारण ती लगेच बळी पडते. शेतातल्या मुळांत दोन-तीन जातींची भेसळ असू शकते, म्हणून एकाच मादीचा एकच अंडीपुंज घेऊन त्यातून सगळं खानदान वाढवायचं. एका पुंजात काहीशे अंडी असतात. २७ अंशांच्या आसपास साधारण महिन्यात एक पिढी होते.

दीड-दोन महिन्यांनी मुळं धुऊन, तुकडे करून, ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात जोरात हलवतात. ही पद्धत १९७३ साली हसी आणि बार्कर यांनी मांडली. चिकट आवरण विरघळून अंडी सुटतात, पण चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवली तर तीही मरायला लागतात. मग बारीक चाळणीवर धुऊन, मोजून पुढच्या कुंडीत. जास्त घातली तर रोप मरतं, आणि रोपाबरोबर पाहुणेही.

एवढा खटाटोप कशाला? बियाण्याच्या पाकिटावरचं 'प्रतिकारक' खरं की खोटं ते बघायला. शेजारच्या कुंडीतल्या पुसा रुबीला गाठी आल्या तरच निकाल धरायचा. तीही ठणठणीत राहिली तर कृमीच मेलेले होते, टेस्ट फेल. शिवाय टोमॅटोतला एमआय नावाचा प्रतिकारक जीन मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ढिला पडतो. म्हणजे गार हरितगृहात पास झालेलं वाण महाडच्या मार्चमध्ये नापास होऊ शकतं.

मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग त्यांना म्हणावं, मार्चच्या मातीत लावून बघा." ती रोपं त्याने मुळांसकट उपटून जाळली. आता रोपं विकत घेताना आधी मुळं बघतो.