आवाजाचे माप

बाजारात तांदूळ घेताना आपली नजर तराजूवर असते. वजनावर सरकारी छाप आहे की नाही, हेही जाणती माणसे पाहतात. पण आवाजाचे काय? तो दिसत नाही, तराजूत बसत नाही. एकाला तो सणाचा वाटतो, दुसऱ्याला त्रासाचा. "आवाज फार होतोय हो!" "छे, कुठं फार?" असा वाद सुरू होतो आणि मिटत नाही. आवाज मोजायला ध्वनिमापक नावाचे हातात मावणारे यंत्र मिळते. चाळीने किंवा मंडळाने ते घ्यायचे तर कसे निवडावे, ते आपण पाहू.

आवाजाने काय बिघडते?

परळ-लालबागच्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. १९८२ च्या संपापूर्वी इथल्या गिरण्यांत शेकडो साचे एकदम धडधडत. साचेखात्यात शेजाऱ्याशी बोलायचे ते ओठ हलवून आणि हाताच्या खुणा करून. वर्षानुवर्षे तिथे राबलेल्या कितीतरी कामगारांना पुढे कमी ऐकू येऊ लागले. आपल्या कानाच्या आत केसासारखे तंतू असलेल्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. त्यावर औषध नाही. म्हणून आवाजाला आधीच आवर घालावा लागतो.

आकडा कसा वाचावा?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुजबूज सुमारे ३० डेसिबल, साधे बोलणे सुमारे ६०. पण डेसिबलचा हिशेब किलोसारखा नाही. एका ढोलाचा आवाज ९० भरला आणि शेजारी तसाच दुसरा ढोल वाजू लागला, तर आकडा १८० होत नाही, ९३ होतो. ३ डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते. १० वाढले की दसपट होते. तेव्हा "दहानेच तर जास्त आहे" असे कुणी म्हणाले तर फसू नका.

२००० साली केंद्र सरकारने आवाजाचे नियम केले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बाजारपेठेत दिवसा ६५, रात्री ५५. शांतता क्षेत्रात दिवसा ५०, रात्री ४०. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०.

यंत्र घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, वर्ग. यंत्रावर वर्ग १ किंवा वर्ग २ असे लिहिलेले असते. वर्ग १ अधिक अचूक आणि बरेच महाग. चाळीच्या किंवा मंडळाच्या कामाला वर्ग २ पुरतो. वर्गच लिहिलेला नसेल तर ते यंत्र घेऊ नये.

दुसरी, 'ए' आणि 'सी' ही बटणे. 'ए' लावले की यंत्र माणसाच्या कानासारखे ऐकते. नियमातले आकडे 'ए'चेच आहेत. 'सी' लावले की ढोलाचा आणि मोठ्या स्पीकरचा खोल घुमणारा आवाजही पुरता मोजला जातो. दोन्ही असावीत.

तिसरी, सरासरी. एखादा हॉर्न वाजला की आकडा क्षणभर उडी मारतो. नियमातले आकडे मात्र काही वेळाच्या सरासरीचे आहेत. ही सरासरी काढून देणारे यंत्र घ्यावे.

चौथी, पल्ला. ३० पासून १३० पर्यंत मोजणारे यंत्र बरे. ६० च्या खाली न मोजणारे यंत्र रात्रीच्या ४५ ला काय उपयोगाचे?

पाचवी, खात्री. तराजूला जसे छापाचे वजन, तसे या यंत्राला कॅलिब्रेटर. तो बहुधा ९४ डेसिबलचा ठराविक आवाज काढतो. यंत्राने ९४ दाखवले की ते खरे. कॅलिब्रेटर विकत घेणे जमले नाही तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून वर्षातून एकदा यंत्र तपासून घ्यावे आणि दाखला जपून ठेवावा.

"मोबाईलवर फुकट मोजता येतं की!" असे तरुण मुले म्हणतात. अंदाजाला ते ठीक आहे. पण मोबाईलचा माइक बोलण्यासाठी केलेला असतो, आणि दोन मोबाईल दोन आकडे दाखवतात.

मोजताना यंत्र अंगापासून हातभर लांब, छातीच्या उंचीवर धरावे. भिंतीला चिकटून उभे राहू नये. भिंतीवरून आवाज परत येतो. वाऱ्यासाठी माइकवर स्पंजची टोपी घालावी. पावसात यंत्र भिजू देऊ नये. तारीख, वेळ, जागा आणि आकडा वहीत लिहावा.

मोजून पुढे काय?

आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक झाला तर पोलिसांकडे तक्रार करता येते. आपला आकडा पोलिसांच्या मापाची जागा घेत नाही. पण तक्रारीला आधार देतो. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर वाजला तर मोजायचीही गरज नाही. तशीच तक्रार करता येते. सणासुदीला वर्षातून फार तर १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते.

आमचे सांगणे असे की, तक्रारीआधी यंत्र मंडळाच्या सभेत न्यावे. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. तेव्हा लाउडस्पीकर नव्हते, तरी उत्सव होत होता. एका कार्यकर्त्याने यंत्र घेऊन उभे राहावे, आकडा चढला की आवाज उतरवावा. पलीकडच्या खोलीत एखादे तान्हे मूल झोपलेले असेल, एखादा आजारी माणूस पडलेला असेल. त्यांना सभेत येऊन बोलता येत नाही. त्यांच्या वतीने यंत्राचा आकडा बोलेल.

वाचा आणि सांगा

१. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा किती?
२. ९० डेसिबलचे दोन ढोल एकत्र वाजले तर आकडा किती होईल?
३. यंत्र खरे आहे याची खात्री कशी कराल?