व्याख्या विचारणाऱ्या सभागृहाला

28 डिसेंबर 2021. मुंबईत विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक विधानसभेपुढे आलं होतं. कुलगुरूंच्या निवडीत सरकारचा हात किती असावा, मंत्र्यांना प्र-कुलपती करावं का, यावर खडाजंगी चालू होती. त्याच विधेयकात एक लहानशी तरतूद होती. विद्यापीठाच्या समान संधी मंडळावर एलजीबीटी समुदायाच्या प्रतिनिधींनाही स्थान द्यावं, असं ती सांगत होती.

विरोधी बाकांवरचे ज्येष्ठ सदस्य आणि माजी अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार या तरतुदीवर बोलले. समलिंगी व्यक्तींना तुम्ही मंडळावर नेमणार का, उभयलैंगिक म्हणजे काय, अलैंगिक म्हणजे काय, याची शास्त्रीय व्याख्या कुणी केली आहे का, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्या ओघात प्राण्यांशी संबंधांचाही उल्लेख आला. समुदायातल्या कार्यकर्त्यांनी निषेध केला आणि माफीची मागणी केली. पुढे सरकार बदललं, विधेयक मागे घेतलं गेलं आणि ती लहानशी तरतूदही त्याच्याबरोबर गेली.

मला मात्र त्या दिवसातली एक गोष्ट सोडून जात नाही. सभागृहात व्याख्या विचारली गेली होती. विचारण्यामागचा हेतू काहीही असो, प्रश्न नोंदला गेला आहे, आणि नोंदल्या गेलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालंच पाहिजे. उभयलैंगिक म्हणजे ज्या व्यक्तीला एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींविषयी ओढ वाटू शकते ती. अलैंगिक म्हणजे जिला लैंगिक ओढ वाटतच नाही किंवा फार क्वचित वाटते ती. या दोन्ही शब्दांचा प्राण्यांशी काही संबंध नाही, कारण लैंगिक कल ही माणसाला माणसाविषयी वाटणाऱ्या ओढीची गोष्ट आहे आणि दोन सज्ञान माणसांची राजीखुशी हा तिच्यातून जुळणाऱ्या नात्याचा पाया आहे. उत्तर एवढं सोपं आहे. एवढं सोपं उत्तर राज्याच्या सर्वोच्च सभागृहापर्यंत का पोचलं नव्हतं, हा खरा अवघड प्रश्न आहे.

खुर्चीवरून बोललेला शब्द

पारावर बसलेला माणूस जे बोलतो आणि मंत्री किंवा आमदार जे बोलतो, त्यात वजनाचा फरक असतो. पारावरचं बोलणं पारावर विरतं. खुर्चीवरून बोललेला शब्द पोलीस चौकीत पोचतो, शाळेच्या शिक्षकखोलीत पोचतो, सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या टेबलापर्यंत पोचतो. तालुक्याच्या गावात आईवडिलांच्या शेजारी बसून बातम्या बघणाऱ्या एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला त्या क्षणी कळतं की आपल्याबद्दल घरात अजून काहीच बोललं गेलेलं नाही आणि राज्याने मात्र बोलून टाकलं आहे. ते मूल त्या रात्री काही सांगणार असतं, तर आता सांगत नाही.

अशा शब्दाला कायद्याने काय उत्तर देता येतं? फार थोडं. सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल आमदारावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. राज्यघटनेच्या कलम 194 ने ते संरक्षण दिलं आहे, आणि सत्तेपुढे निर्भयपणे बोलता यावं म्हणून ते असायलाच हवं. पीठासीन अधिकारी फार तर काही शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. सभागृहाबाहेर बोललेल्या शब्दांचं काय? गटागटांत वैर पसरवण्याविरुद्धच्या जुन्या कलम 153-अ मध्ये आणि भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी आलेल्या कलम 196 मध्ये धर्म, वंश, भाषा, जात यांची नावं आहेत. लैंगिक कलाचं किंवा लिंगओळखीचं नाव नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये द्वेषपूर्ण भाषणाचा प्रश्न विधी आयोगाकडे सोपवला. मार्च 2017 मध्ये आयोगाने आपल्या 267 व्या अहवालात नवी कलमं सुचवली, आणि त्यांत लिंगओळख व लैंगिक कल हे दोन्ही शब्द स्पष्ट लिहिले. नवी संहिता आली, ते शब्द आले नाहीत. जानेवारी 2023 मध्ये घटनापीठाने बहुमताने असंही ठरवलं की मंत्र्याचं विधान आपोआप सरकारचं विधान धरता येणार नाही.

म्हणजे उत्तराची जबाबदारी फिरून नागरिकांवरच येते. ती आजवर कशी पेलली गेली, हे पाहण्यासाठी तीन प्रसंगांकडे जावं लागतं. एक मुंबईचा, एक दिल्लीचा, एक गोव्याचा.

1998 : शाबासकी

दीपा मेहतांचा 'फायर' नोव्हेंबर 1998 मध्ये भारतात प्रदर्शित झाला. एकाच घरातल्या दोन जावांच्या प्रेमाची ती गोष्ट. सेन्सॉर बोर्डाने चित्रपटाला परवानगी दिलेली होती. 2 डिसेंबरला गोरेगावच्या सिनेमॅक्स चित्रपटगृहात शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्या घुसल्या, काचा फोडल्या, पोस्टरं जाळली. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगलमध्ये तेच घडलं. महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी तोडफोड करणाऱ्यांचं अभिनंदन केलं आणि चित्रपटाचा विषय आपल्या संस्कृतीला परका असल्याचं सांगितलं. कायदा-सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी ज्याची, त्याच्याकडूनच ही शाबासकी आली होती.

उत्तर दोन वाटांनी गेलं. दीपा मेहता, दिलीपकुमार, महेश भट्ट, जावेद अख्तर यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर दिलीपकुमार यांच्या घरासमोर शिवसैनिकांनी केवळ अंतर्वस्त्रांनिशी निदर्शनं केली. चित्रपट पुन्हा सेन्सॉर बोर्डाकडे पाठवला गेला आणि फेब्रुवारी 1999 मध्ये एकही कात्री न लागता बाहेर आला.

दुसरी वाट रस्त्यावरची होती. 7 डिसेंबरला दिल्लीत रीगलसमोर मेणबत्त्या घेऊन लोक उभे राहिले. अनेकांच्या हातात अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे फलक होते. त्यांच्यामध्ये काही स्त्रियांच्या हातात आपण भारतीय आहोत आणि लेस्बियनही आहोत, असं सांगणारा फलक होता. परकेपणाच्या आरोपाला त्याहून नेमकं उत्तर सुचणं कठीण. वाद चित्रपटाचा होता, पण ज्यांच्या आयुष्याबद्दल चित्रपट होता त्या स्त्रिया स्वतः समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यातून लेस्बियन हक्कांसाठीची 'कॅलेरी' ही मोहीम उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी त्या मोहिमेने सगळ्या घडामोडींचा अहवाल छापला. कोण काय बोललं, वर्तमानपत्रांनी काय लिहिलं, आपण काय उत्तर दिलं, याची ती नोंद होती.

2011 : खुलासा

4 जुलै 2011. नवी दिल्लीत एचआयव्ही-एड्सवर लोकप्रतिनिधींचं राष्ट्रीय संमेलन भरलं होतं. समोर खासदार, महापौर आणि जिल्हा परिषदांचे अध्यक्ष होते, म्हणजे हा विषय घेऊन जे आपापल्या जिल्ह्यात परतणार होते ते लोक. केंद्रीय आरोग्यमंत्री गुलाम नबी आझाद यांनी तिथे पुरुषांमधले लैंगिक संबंध अनैसर्गिक असल्याचं म्हटलं, आणि हा आजार परदेशातून आल्याचं सांगितलं.

त्यांच्याच मंत्रालयातली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था त्या वेळी देशभर याच पुरुषांपर्यंत पोचण्याचे कार्यक्रम चालवत होती. लपून राहावं लागणाऱ्या माणसापर्यंत ना तपासणी पोचते ना औषध, आणि अशा संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मुळे हे काम अडतं, हे याच संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयापुढे प्रतिज्ञापत्रावर सांगितलं होतं. त्या न्यायालयाने 2 जुलै 2009 ला सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले, त्याला मंत्र्यांच्या भाषणाच्या दिवशी दोन वर्षं पुरी झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, त्यालाही 21 वर्षं झाली होती.

या वेळी उत्तर द्यायला समुदाय एकटा नव्हता. मुंबईत अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं आणि 1994 मध्ये 'हमसफर ट्रस्ट'. अशा संस्थांनी एचआयव्हीच्या कामात जी वर्षं घालवली होती, त्यांचं मोल आता दिसलं. मंत्र्यांना आरोग्याच्याच भाषेत उत्तर गेलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेनेही समलैंगिकता हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. आझाद यांनी मग खुलासा केला की आपण एचआयव्हीला आजार म्हणालो, आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला.

2015 : दुसऱ्याच दिवशी

जानेवारी 2015 मध्ये गोव्याचे क्रीडा व युवा व्यवहार मंत्री रमेश तवडकर राज्याच्या युवा धोरणाबद्दल पत्रकारांशी बोलत होते. त्या धोरणात एलजीबीटी तरुणांचा स्वतंत्र उल्लेख होता, आणि तो असणं ही खरं तर पुढची पायरी होती. पण त्यांच्यासाठी नेमकं काय करणार, या प्रश्नावर मंत्र्यांनी या तरुणांना 'नॉर्मल' करण्यासाठी केंद्रं काढू, असं सांगितलं. दारू सोडवण्यासाठी चालणाऱ्या गटांसारखी ती केंद्रं असतील आणि तिथे प्रशिक्षणाबरोबर औषधंही देऊ, असं ते म्हणाले. देशभरातून टीका झाली, आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या बोलण्याचा चुकीचा अर्थ लावला गेल्याचं त्यांनी सांगितलं.

ही सूचना वाटते त्याहून धोकादायक होती. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्यांकडे मुलांना नेणं आपल्याकडे आजही घडतं. कुणी विजेचे झटके देतं, कुणी हार्मोनची इंजेक्शनं देतं, कुणी लग्न लावून टाकायला सांगतं आणि त्या लग्नात आणखी एका निरपराध मुलीचं आयुष्य अडकतं. त्याला सरकारी पाटी लागली असती, तर आईबापांचा उरलासुरला संशयही फिटला असता. या बाबतीतलं शास्त्रीय उत्तर पुढे ठाम होत गेलं. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये समलैंगिकता आजार नाही असं स्पष्ट म्हटलं. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी जून 2021 मध्ये अशा 'उपचारां'वर बंदीचे निर्देश दिले, आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा वैद्यकीय गैरवर्तनाचा प्रकार ठरवला.

हे तीन प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. 1998 मध्ये मुख्यमंत्री शाबासकी देतात. 2011 मध्ये केंद्रीय मंत्र्याला खुलासा करावा लागतो. 2015 मध्ये तो खुलासा एका दिवसात येतो. विपर्यास झाला म्हणणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे, हे खरं. पण आपलं वाक्य आपलं म्हणवत नाही, एवढी लाज सार्वजनिक जीवनात निर्माण झाली, ही मोठी गोष्ट आहे. ती आपोआप झाली नाही. दर वेळी कुणीतरी उत्तर दिलं म्हणून झाली. रीगलसमोर फलक धरणाऱ्या स्त्रियांच्या मागे तेव्हा कोणताही अनुकूल निकाल नव्हता.

उत्तराची भाषा

दिल्ली उच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल मध्यंतरी फिरवला गेला होता. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नवतेज सिंग जोहर खटल्यात एकमताने कलम 377 चा सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग घटनाबाह्य ठरवला. त्यातला न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांचा एक निर्देश आपण फारसा लक्षात ठेवला नाही. निकालाला सरकारने माध्यमांतून व्यापक प्रसिद्धी द्यावी, आणि सरकारी अधिकाऱ्यांना, विशेषतः पोलिसांना, वेळोवेळी प्रशिक्षण द्यावं, असं त्यांनी लिहिलं. ते मनापासून झालं असतं, तर तीन वर्षांनी विधानसभेत व्याख्या विचारायची वेळ आली नसती.

मद्रासच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. न्यायमूर्तींनी स्वतः समुपदेशन घेतलं, आपले पूर्वग्रह निकालपत्रात मान्य केले, आणि समुदायासाठी कोणते शब्द वापरावेत याच्या शब्दावलीचा आग्रह धरला. तमिळनाडू सरकारने 2022 मध्ये तमिळ शब्दावली राजपत्रात प्रसिद्ध केली. पोलीस, पत्रकार आणि अधिकारी यांच्या हातात आदराचे शब्द आले. अपमान पुष्कळदा शब्दांच्या टंचाईतूनही होतो, हे त्या न्यायालयाने ओळखलं.

मराठीत ही टंचाई नाही. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात 2002 मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला आणि 'पार्टनर', 'इंद्रधनु' यांसारखी पुस्तकं मराठीत लिहिली. समलिंगी, उभयलैंगिक, अलैंगिक, पारलिंगी, आंतरलिंगी हे शब्द आज मराठीत रुळले आहेत. ते शासनाच्या परिपत्रकात, पोलीस प्रशिक्षणात, बीएडच्या अभ्यासक्रमात आणि सभागृहाच्या ग्रंथालयात गेले पाहिजेत. पुढचं उत्तर आपण अशा तऱ्हेने, आधीच, देऊन ठेवलं पाहिजे. कुणी बोलल्यावर निषेधाचं पत्रक काढणं आवश्यक आहेच, पण तोवर त्या सतरा वर्षांच्या मुलाने ऐकायचं ते ऐकलेलं असतं. आणि दर वेळी फलक धरायला समुदायानेच का उभं राहावं? शेजारी, शिक्षक, डॉक्टर, त्याच पक्षाचा दुसरा आमदार यांनी उभं राहिलं तर ते उत्तर घराघरात ऐकू जातं.

शेवटी पुन्हा त्या प्रश्नाकडे येतो. या ओढीचा शास्त्रीय विचार महाराष्ट्रात कधी कुणी मांडला का? मांडला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. वाचक त्यात आपल्या शरीराबद्दल, मनातल्या ओढींबद्दल प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांसाठी 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या प्रश्नांमध्ये समलैंगिकतेचाही विषय होता. कर्व्यांचे वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांनी प्रश्न विचारले तर त्यांना ज्ञान मिळालंच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. समलैंगिकतेबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला आणि ज्यांना ही ओढ निसर्गतःच असते त्यांचं त्यात काही चुकत नाही, असा युक्तिवाद केला.

खटला ते हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. कर्व्यांनी मासिक थांबवलं नाही, 1953 पर्यंत ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिले. ज्या शहरात 2021 साली सभागृहात व्याख्या विचारली गेली, त्याच शहरात 87 वर्षांपूर्वी राज्यघटनेच्या शिल्पकाराने न्यायासनापुढे तिचा पाया मांडलेला होता.