जुळलेला हिशेब आणि खरा हिशेब



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता हे कॉम्प्युटरचं कुठून काढलं? प्रश्न रास्त आहे. मी काही संगणकाचा जाणकार नाही. पण बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना व्यवसायासाठी संगणक कसा वापरायचा, हे शिकवणारा जो विषय असतो, त्यात मुलं जिथं अडकतात ती जागा माझ्या ओळखीची आहे. ती अडचण यंत्राची नाही, तर्काची आहे. आणि तर्कशास्त्र मी शिकवलेलं आहे. म्हणून हे धाडस.

आधी घडलेली एक गोष्ट सांगतो. माणसांची आणि दुकानाची नावं घेत नाही, त्याची गरजही नाही.

माझ्याकडे येणारा एक मुलगा मोंढ्यात एका अडत दुकानावर संध्याकाळी काम करायचा. दिवाळीच्या आधीचे दिवस, सोयाबीनची आवक जोरात. दुकानातल्या संगणकावर एक्सेलमध्ये यादी होती. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, भाव, हमाली-तोलाई वजा जाता देणं. मालक म्हणाले, यादी नावांच्या क्रमानं लाव, शोधायला सोपं जाईल. मुलानं नावांचा स्तंभ निवडला आणि क्रम लावण्याचं बटण दाबलं. आता बघा, एक्सेल तसा शहाणा आहे. त्यानं विचारलं, की शेजारचे स्तंभ सोबत घेऊ, की निवडलेला तेवढाच हलवू? पण विचारलं इंग्रजीत. मुलगा मराठी माध्यमाचा, समोर गर्दी, बाहेर हमालांची हाकाटी. त्यानं दुसरा पर्याय दाबला. नावं हलली, आकडे जागच्या जागी राहिले. म्हणजे एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर गेला.

आता गंमत अशी, की एकूण वजन तेवढंच राहिलं. एकूण देणं पैशासकट तेवढंच राहिलं. मालकांनी बेरीज रोजकीर्दीशी ताडून पाहिली. जुळली. हिशेबपट्ट्या छापायला सांगितल्या.

चूक पकडली ती म्हाताऱ्या मुनिमांनी. पहिलीच पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, "अरे, ह्याला रान तीन एकर. एकसष्ट क्विंटल आणलं कुठनं ह्यानं?" मग शोधाशोध झाली. मुलाला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. तो रात्री माझ्याकडे आला. डोळ्यांत पाणी होतं. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर, बेरीज तर बरोबर होती ना!"

मंडळी, ह्या मुलाला संगणकाच्या पेपरात चांगले गुण होते. म्हणून ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला आम्ही एक भेद शिकवतो. देगलूरची सगळी माणसं हवेत उडतात. मी देगलूरचा आहे. म्हणून मी हवेत उडतो. ही युक्ती वैध आहे. पहिली दोन विधानं मान्य केली, की तिसरं मान्य करावंच लागतं. पण निष्कर्ष खोटा आहे, कारण पहिलं विधानच खोटं आहे. वैध असणं म्हणजे आतल्या आत जुळणं. सत्य असणं म्हणजे बाहेरच्या जगाशी जुळणं. संगणक पहिली गोष्ट आपल्यापेक्षा हजारपट चांगली करतो. दुसरी गोष्ट मात्र तो करूच शकत नाही. त्यानं ते तीन एकर रान पाहिलेलं नाही.

वाणिज्य शाखेच्या मुलांना खरं तर हे नवीन नाही. तेरीज तुम्ही शिकता. नावे आणि जमा, दोन्ही बाजू सारख्या आल्या की तेरीज जुळली. पण तुमचे सर लगेच सांगतात, तेरीज जुळली म्हणजे खाती बरोबर आहेत असं समजू नका. एका गिऱ्हाइकाची रक्कम दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर गेली, तर तेरीज जुळतेच. एखादा व्यवहार मुळात लिहिलाच नाही, तरीही जुळते. हे तुम्ही परीक्षेत लिहिता. पण तासाची खोली बदलली, समोर संगणक आला, की विसरता. पडद्यावर आलेली बेरीज आपल्याला जास्त खरी वाटते.

आता ह्या यंत्राची ताकद कशात आहे, तेही समजून घेऊ. १९७८ साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी होता. फळ्यावर मोठा तक्ता असायचा. त्यातला एक आकडा बदलला, की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा मांडायचे. त्याच्या मनात आलं, हे आपोआप का होऊ नये? त्यानं आणि बॉब फ्रँकस्टननं मिळून व्हिसिकॅल्क तयार केलं, ते १९७९ मध्ये बाजारात आलं. पुढं १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री, १९८५ मध्ये एक्सेल. कल्पना तीच. चौकटीत तुम्ही आकडा लिहू शकता किंवा नातं लिहू शकता. ५२० हा आकडा झाला. "वजन गुणिले भाव" हे नातं झालं. भाव बदलला, की देणं आपोआप बदलतं. ही मोठी गोष्ट आहे. पण नातं चुकीचं लिहिलं, तर ती चूकही तितक्याच वेगानं हजार ओळींत पसरते.

आणि हे काही आपल्या मोंढ्यातच होतं असं समजू नका. ब्रिटनमध्ये २०२० साली कोरोनाच्या तपासण्यांचे निकाल जमा करताना एक्सेलची जुनी पद्धतीची फाइल वापरली होती. तिच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी गळाल्या आणि १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीत वेळेवर आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही उशिरा सुरू झाला.

दुसरं उदाहरण विद्यार्थ्यांसाठी आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ ह्या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये देशांचं कर्ज आणि त्यांची वाढ ह्यावर एक निबंध लिहिला. जगभरच्या सरकारांमध्ये त्याची चर्चा झाली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून तेच गणित पुन्हा करायला बसला, तर उत्तर येईना. त्यानं मूळ फाइल मागवली. तिच्यात सरासरीचं सूत्र पाच देशांच्या ओळी सोडून थांबलेलं होतं. निबंधावर इतरही आक्षेप होते, ही चूक त्यांपैकी एक. २०१३ मध्ये हे सगळं बाहेर आलं. सांगायचं हे, की मोठ्यांची फाइल उघडून पाहायला विद्यार्थ्यानं घाबरू नये.

मग पहिल्या वर्षाला शिकवायचं काय? आज संगणकाचे भाग शिकवतात, वर्ड, एक्सेल, टॅली शिकवतात, कुठलं बटण कुठं ते शिकवतात. ते लागतंच. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्याला पोचले. आपल्याकडच्या मुला-मुलींचा माउसवर हात बसला, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण हात बसणं वेगळं आणि डोळा तयार होणं वेगळं. डोळ्यासाठी मी चार सवयी सांगतो.

पहिली. क्रम लावण्याआधी डावीकडं अनुक्रमांकाचा स्तंभ घाला, आणि एक स्तंभ नव्हे, सगळा तक्ता निवडा. म्हणजे ओळ अखंड हलते, आणि पुन्हा मूळ क्रमावर येता येतं. क्रम लावून झाला, की कुठल्याही तीन ओळी मूळ कागदाशी ताडून पाहा. बेरीज ताडू नका, ओळ ताडा.

दुसरी. आकड्याच्या चौकटीत "१२ क्विं." असं लिहू नका. यंत्राच्या दृष्टीनं तो मजकूर झाला. बेरजेचं सूत्र त्याला न सांगता वगळतं. काउंट हे सूत्र फक्त आकडे मोजतं, काउंटए भरलेल्या सगळ्या चौकटी मोजतं. दोन्ही उत्तरं वेगळी आली, तर कुठंतरी आकड्याच्या जागी मजकूर बसलाय हे ओळखा.

तिसरी खास आपल्या गावाची. देगलूर हे सीमेवरचं गाव. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळं कानावर पडतं. एकच माणूस एका कागदावर "शेख", दुसऱ्यावर "शैख". आपल्याला तो एकच माणूस दिसतो, यंत्राला दोन. म्हणून प्रत्येक खातेदाराला क्रमांक द्या आणि हिशेब क्रमांकावर चालवा.

चौथी. उत्तर पाहण्याआधी अंदाज करा. तीन एकरांत साधारण किती पिकतं, हे मनात असू द्या.

मुनिमांचं मी फार कौतुक करतोय, असं वाटेल. तसं नाही. जुन्या वह्यांमध्येही शेतकरी नाडला गेलाय, आणि वाचता न येणाऱ्याला अंगठा उठवण्यापलीकडं काही करता येत नव्हतं. छापील पट्टी हातात मिळते, ही सुधारणाच आहे. पण छापलेलं आहे म्हणून तो ती न बोलता मान्य करतो. सूत्र त्याला दिसत नाही. ते ज्याला दिसतं, त्याच्यावर जबाबदारी येते. पट्टीवर एकसष्टच्या जागी सोळा छापून आले असते, तर एखाद्या घरची दिवाळी गेली असती. आणि दुकानाची एकूण बेरीज तरीही जुळलीच असती.

त्या मुलाचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. चार दिवसांनी मुनिमांनीच त्याला बोलावून घेतलं. मालकांना म्हणाले, माझ्या डोळ्याला आता पडदा वाचवत नाही, आणि ह्याला अजून माणसं ओळखू येत नाहीत, दोघं मिळून करू. तो यादी करायचा, आणि छापण्याआधी पाच नावं मोठ्यानं वाचायचा. मुनीम डोळे मिटून ऐकायचे. कॉलेजात जो तास आम्ही घेतला नाही, तो त्यांनी घेतला.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.